घरचे मुके जीव आणि शाळेतील मुले

(केंद्रातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत एका निवृत्त पशुधन विकास अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



शिक्षकांच्या परिषदेत भाषणासाठी गुरांच्या डॉक्टराला बोलावण्यात यावे, ही गोष्ट काहीशी विलक्षण वाटण्यासारखी आहे. माझे निम्मे आयुष्य गोठ्यांतून गेले. फळ्यापुढे उभे राहण्याचा अनुभव मला नाही. तथापि केंद्रप्रमुखांनी आग्रह केला तेव्हा मी नकार दिला नाही. कारण या विषयात जे सांगावयाचे आहे ते केवळ पशुपालकांना सांगून पुरत नाही. ते शिक्षकांनाच सांगितले पाहिजे, अशी माझी खात्री झाली आहे. ती कशी झाली हे ओघाने सांगेनच.

विषय आहे घरी पाळलेल्या प्राण्यांची निगा. खेड्यात प्राणी पाळणे ही काही नवीन गोष्ट नव्हे. बैल, गाय, म्हैस, शेळी यांवर कुटुंबाचे पोट अवलंबून असते. म्हणून त्यांची आबाळ सहसा होत नाही. बैलाने एक वेळ वैरण टाकली तर घरधन्याला झोप लागत नाही. पोळ्याला आपण त्यांची पूजा करतो. परंतु त्याच घराच्या उंबऱ्याशी कुत्रे बसलेले असते, चुलीपाशी मांजर असते. त्यांना कोणी विकत आणलेले नसते व कोणी विकणारही नसते. उरली भाकरी टाकावी, रात्री त्याने भुंकावे, एवढाच व्यवहार. अशा प्राण्याचा खरा धनी बहुधा घरातील मूल असते. पिल्लू शेतातून सदऱ्यात लपवून आणणारे तेच, आपल्या ताटातील दूध-भाकरी त्याला देणारे तेच आणि त्याने चावा घेतला तर तो मुकाट्याने सोसणारेही तेच. म्हणून पाळीव प्राण्याच्या निगेचा प्रश्न हा अखेरीस मुलाचा प्रश्न होतो, आणि मुलाचा प्रश्न म्हटला की तो आपल्याकडे येतो.

महाभारताच्या आदिपर्वात सरमेची कथा आहे. जनमेजयाचे सत्र चालू असता सरमा नावाच्या देवशुनीचे पिल्लू तेथे आले. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिले नव्हते, चाटले तर नव्हतेच. तरी राजाच्या भावांनी त्यास मारले. ते रडत आईकडे गेले. आईने विचारले, तू काय अपराध केलास? ते म्हणाले, काहीच नाही. तेव्हा सरमेने राजाला शाप दिला की, निरपराध्यास मारलेस, तुजवर अदृष्ट भय येईल. आपल्याकडील कुत्र्यांची उपेक्षा आणि त्या उपेक्षेतून येणारे न दिसणारे भय यांचा विचार मनात आला की मला ही कथा आठवते. ते भय कोणत्या शापाने येत नाही. एका सूक्ष्म विषाणूने येते. त्याचे नाव रेबीज. आपल्या भाषेत कुत्रे पिसाळले असे म्हणतात, आणि माणसास तो रोग झाला की त्यास जलसंत्रास म्हणतात.

आता मी जो प्रसंग सांगणार आहे, तो मी सभेत कधी सांगितलेला नाही. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका लहान गावच्या दवाखान्यात होतो. एके दिवशी दुपारी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून एक पिल्लू घेऊन आली. ती एकटीच आली होती. पिल्लू दोन दिवस खात नव्हते, पाणी पीत नव्हते, खालचा जबडा लोंबत होता आणि लाळ गळत होती. तिला वाटत होते की घशात हाड अडकले आहे. मी पिल्लू दुरूनच पाहिले व मला संशय आला. मी ते ठेवून घेतले. "पिल्लू आता बरे होणार नाही, तू घरी जा," असे तिला सांगितले. ती रडली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी पिल्लू मेले. मी नोंदवहीत नोंद केली, जागा धुऊन घेतली आणि माझे काम संपले असे मानले.

तिला काही चावले आहे काय, हे मी विचारले नाही. हाड काढण्यासाठी तिने पिल्लाच्या तोंडात बोटे घातली असतील हे मला सुचले नाही. म्हणण्यापेक्षा, सुचावयास हवे होते ते मी मनावर घेतले नाही. तीन महिन्यांनी त्या गावाहून बातमी आली. मुलीला पाणी गिळता येत नव्हते. वाऱ्याची झुळूक आली तरी ती दचकत होती. जिल्ह्याच्या ठिकाणी नेले, पण या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर वैद्यकशास्त्राच्या हाती फारसे काही राहत नाही. मी घरी भेटावयास गेलो तेव्हा तिच्या आईने सांगितले, की बोटाला दात लागला होता हे तिने आपल्या मैत्रिणीला सांगितले होते. घरी सांगितले नाही, कारण पिल्लू पाळू नको असे वडिलांनी बजावले होते; आणि दुसरे कारण असे, की पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात हे तिने ऐकले होते.

गृहस्थहो, मी प्राण्याला तपासले आणि मुलाला विचारले नाही. ही चूक माझी आहे. तिचे परिमार्जन होत नाही. परंतु ती दुसऱ्या कोणाकडून होऊ नये यासाठी बोलता येते. म्हणून मी आज येथे उभा आहे.

या रोगाविषयी जे निश्चित ठाऊक आहे ते थोडक्यात सांगतो. रोगी जनावराच्या लाळेतून, चाव्याच्या वा ओरखड्याच्या वाटेने विषाणू शरीरात शिरतो आणि मज्जातंतूंच्या मार्गाने हळूहळू मेंदूकडे जातो. त्यास बहुधा दोन ते तीन महिने लागतात; कधी एक आठवडा, तर कधी वर्षही. चावा चेहऱ्यावर, डोक्यावर किंवा हातावर असेल तर वाट जवळची पडते. आणि मूल उंचीने कुत्र्याच्या तोंडाशी येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 59,000 माणसे या रोगाने मरतात. त्यांपैकी सुमारे 99 टक्क्यांना तो कुत्र्यापासून होतो. संशयित जनावर चावलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के मुले पंधरा वर्षांखालील असतात. लक्षणे दिसल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ. पण त्यापूर्वी वेळेवर लस दिली तर रोग जवळजवळ नक्की टळतो. ही टळण्याची मुदत मुलाच्या एका वाक्यावर अवलंबून असते: "गुरुजी, मला चावले."

लसीचा इतिहासही एका शाळकरी वयाच्या मुलापासूनच सुरू होतो. 6 जुलै 1885 रोजी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टर या मुलाला त्याच्या आईने पॅरिस येथे लुई पाश्चर यांच्याकडे आणले. दोन दिवसांपूर्वी त्यास पिसाळलेले कुत्रे अनेक ठिकाणी चावले होते. पाश्चर हे रसायनशास्त्रज्ञ, वैद्य नव्हेत. म्हणून लस त्यांनी सिद्ध केली आणि टोचली ती डॉक्टरांनी. मुलगा वाचला. पुढे 1911 मध्ये डेव्हिड सेंपल यांनी कसौली येथे मेंढीच्या मेंदूपासून लस बनविली. पोटात घ्यावयाची ती इंजेक्शने हीच. आपल्या देशात त्या जुन्या लसीचे उत्पादन 2004 च्या अखेरीस बंद झाले. आताची लस दंडाला टोचतात, शासकीय रुग्णालयांत ती विनामूल्य मिळते. त्वचेत टोचावयाच्या पद्धतीत ती पहिल्या दिवशी, नंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी द्यावी लागते. तरीही खेड्यापाड्यांतून चौदा इंजेक्शनांची धास्ती अद्याप गेलेली नाही. ती घालविणे हे आपले पहिले काम आहे.

चावा किंवा ओरखडा झाल्यास काय करावे, हे प्रत्येक शिक्षकास पाठ असले पाहिजे. जखम तत्काळ वाहत्या पाण्याखाली, साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. पंधरा मिनिटे म्हणजे घड्याळाची. आपल्या मनाची नव्हेत. या विषाणूवर चरबीचे आवरण असते, साबणाने ते नष्ट होते. म्हणून साध्या कपडे धुण्याच्या साबणाचेही येथे मोठे मोल आहे. नंतर जंतुनाशक औषध असल्यास लावावे. मिरचीची पूड, चुना, तेल, हळद, तंबाखू यांपैकी काहीही लावू नये. जखम घट्ट बांधू नये. मुलाला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. चाव्यातून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत टोचावयाचे एक निराळे औषध लागते. ते प्रत्येक केंद्रात असेलच असे नाही, म्हणून ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात जावे लागले तर जावे. मांत्रिकाकडे किंवा उतारा देणाऱ्याकडे गेलेला वेळ परत मिळत नाही. चावलेले कुत्रे अथवा मांजर दहा दिवस नजरेखाली ठेवावे, मारू नये. दहा दिवस ते धडधाकट राहिले तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे समजते आणि पुढील लसीचा निर्णय डॉक्टर करतात. परंतु ते दहा दिवस वाट पाहण्यासाठी नाहीत. लस पहिल्याच दिवशी सुरू झाली पाहिजे. सर्व मात्रा पूर्ण होतात की नाही, हेही पाहिले पाहिजे; कारण सुगीच्या दिवसांत तिसरी-चौथी मात्रा राहून जाते.

आणखी एक गोष्ट. गाय-म्हैस चारा खाईना, लाळ गाळू लागली, हंबरताना आवाज घोगरा येऊ लागला की घशात काही अडकले असे समजून लोक तोंडात हात घालतात. हा रोग गुरांनाही होतो. तोंडात हात घालू नये, पशुवैद्यांना बोलवावे, हे मुलांमार्फत घरोघर पोहोचले पाहिजे.

आता निगेविषयी. लोक म्हणतात, कुत्र्यांचा हा धोका, तर कुत्री पाळूच नयेत. मला हे पटत नाही. आपल्या परंपरेत नामदेवांची आख्यायिका आहे. कुत्र्याने भाकरी पळविली, तेव्हा ते काठी घेऊन धावले नाहीत. कोरडी भाकरी खाऊ नकोस म्हणून तुपाची वाटी घेऊन मागे धावले. मुलाच्या ठिकाणी ही वृत्ती जन्मतःच असते. ती मारून टाकणे शिक्षणाचे काम नव्हे. तिला ज्ञानाची जोड देणे हे शिक्षणाचे काम आहे. ज्याची नीट निगा आहे असा प्राणीच घराला निर्भय असतो.

पिल्लू आईपासून निदान आठ आठवडे तोडू नये. तिसऱ्या महिन्यात त्यास रेबीजची लस टोचून घ्यावी, पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे पुन्हा मात्रा द्यावी आणि पुढे दरवर्षी लस चुकवू नये. गावातील 70 टक्के कुत्र्यांना अशी लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, असे शास्त्र सांगते. पिल्लांना रक्ताची हगवण लागून ती पटापट मरतात. त्या रोगावरही लस आहे. जंतांचे औषध वेळोवेळी द्यावे. बकरे कापल्यावर आतडी व काळजाचे कच्चे तुकडे कुत्र्यापुढे टाकण्याची रीत फार वाईट. त्यांतून कुत्र्याच्या पोटात एक प्रकारचे पट्टकृमी वाढतात, त्यांची अंडी विष्ठेवाटे व केसांवाटे मुलांच्या हाताला लागतात आणि पुढे माणसाच्या यकृतात व फुप्फुसांत पाण्याच्या गाठी होतात. कुत्र्याला कुरवाळल्यावर हात धुवूनच जेवावे, या साध्या नियमामागे एवढे कारण आहे.

अंगावर गोचीड झाले की कित्येक लोक रॉकेल किंवा शेतात फवारावयाचे कीटकनाशक चोपडतात. जनावर आपले अंग चाटते आणि विषबाधेने मरते. गोचिडांचे औषध दवाखान्यातूनच आणावे. त्याचप्रमाणे माणसाची तापाची गोळी मांजरास देऊ नये. ती त्याला प्राणघातक ठरते. कांदा-लसूण घातलेले कालवण कुत्र्यास अपायकारक असते. शिजविलेली हाडे ठिसूळ होऊन आतड्यास जखम करतात. नुसत्या भाकरीवर पिल्लाचे पोषण होत नाही. थोडे ताक, अंडे, उकडलेले मांस किंवा डाळ मिळाली पाहिजे. उन्हाळ्यात कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते जिभेने धापा टाकूनच उष्णता बाहेर टाकते. म्हणून पत्र्याच्या आडोशाला दुपारी बांधून ठेवणे हे क्रौर्य आहे. पाणी व सावली यांना पैसे पडत नाहीत. दिवसभर आखूड साखळीने बांधलेले कुत्रे चिडखोर होते आणि मग चावरे म्हणून दगड खाते. शक्य तेथे नर-मादीची नसबंदी करून घ्यावी, म्हणजे दर हंगामाला पिल्ले पोत्यात घालून ओढ्याकाठी सोडण्याची पाळी येणार नाही. हे पोते उचलून नेताना मुलांनी पाहिलेले असते, हे आपण विसरतो. पोपट पिंजऱ्यात ठेवणे मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तेथे निगा म्हणजे त्यास न पकडणे.

शेवटी शाळेत काय करता येईल, ते सांगतो. यासाठी वेगळा तास किंवा खर्च लागत नाही.

पहिली गोष्ट, मुलांकडून आपापल्या घरच्या प्राण्यांची नोंदवही तयार करून घ्यावी: प्राणी, वय, लसीची तारीख, पुढील तारीख. तिसरी-चौथीच्या मुलांना यातून कोष्टक व दिनदर्शिका दोन्ही शिकविता येतात. ही वही घेऊन जिल्हा परिषदेच्याच पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलात, तर लसीकरणाचा दिवस गावातच ठरविता येईल. दरवर्षी 28 सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. तो दिवस सोयीचा आहे.

दुसरी गोष्ट, पहिली-दुसरीच्या मुलांना दोन खेळ शिकवावेत. अनोळखी कुत्रे अंगावर आले तर धावावयाचे नाही. हात अंगाशी धरून, नजर खाली ठेवून झाडासारखे उभे राहावयाचे. पडल्यास अंग आवळून, कानांवर हात ठेवून गाठोड्यासारखे पडून राहावयाचे. "झाड!" "गाठोडे!" अशी हाक देऊन खेळ घेतला की मुलांना तो पुन्हा सांगावा लागत नाही. त्याबरोबरच जेवणारे, झोपलेले, बांधलेले आणि पिल्लांपाशी असलेले कुत्रे छेडावयाचे नाही, हेही त्यांच्याकडून म्हणवून घ्यावे.

तिसरी गोष्ट, शालेय पोषण आहाराचे उरलेले अन्न आवारात सांडू देऊ नये. मुले हातात ताटली घेऊन बसली असता भोवती कुत्री घोटाळतात, त्यांत भांडणे होतात आणि मध्ये लहान मूल सापडते. अन्न द्यावयाचेच तर शाळा सुटल्यावर, आवाराबाहेर, ठरलेल्या जागी द्यावे.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी आणि माझ्या मते सर्वांत मोलाची. एका शाळेतील बाईंची पद्धत मी पाहिली आहे. दर सोमवारी हजेरी झाली की त्या विचारतात, "कोणाला काही चावले? कोणाला ओरखडले?" हात वर करणाऱ्याला रागावावयाचे नाही, हसावयाचे नाही, हा वर्गाचा नियम. एकदा एका मुलाने, मांजराने मनगटावर ओरखडले असे सांगितले. मांजर भटके होते, ते नंतर दिसले नाही. बाईंनी जखम धुवून घेतली, पालकांना बोलावून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पाठविले आणि चारही मात्रांच्या तारखा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवल्या. ते मांजर रोगी होते की नव्हते, हे कधीच कळले नाही. कळण्याची गरजही पडली नाही.

बंधुभगिनींनो, सरमेने आपल्या पिल्लाला पहिला प्रश्न विचारला तो, काय झाले, हा. माझ्या दवाखान्यात ती मुलगी पोत्यात पिल्लू घेऊन उभी होती, तेव्हा मी तो विचारला नाही. मूल मार मिळेल या भीतीने घरी बोलत नाही आणि डॉक्टराकडे एकटे आले तरी न विचारता बोलत नाही. परंतु शाळेत ते रोज येते, आणि गुरुजींनी व बाईंनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे असते एवढे त्याला ठाऊक असते. येत्या सोमवारी हजेरीनंतर तेवढा प्रश्न विचारा, अशी माझी विनंती आहे.